नॉर्मल की स्पोर्ट : एका ऑटोमॅटिक डिझेल गाडीच्या मोड-चाचणीच्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२४ : कामाची आखणी

गाडी एकच, चालवणारे तिघे. मोडबद्दल तिघांची तीन मतं. स्पोर्ट लावला की डिझेल उडतं, घाटात स्पोर्टच हवा, आणि ते बटण निव्वळ शोभेचं आहे. यातलं काय कुठे खरं ठरतं ते मोजून ठरवायचं आणि शेवटी गाडीत ठेवायला एक पानाचा कागद तयार करायचा, एवढंच काम.

गाडी : १.५ लिटर टर्बो डिझेल, ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा ऑटोमॅटिक), पुढची चाकं ओढणारी. कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर, तो १,५०० ते २,७५० आरपीएममध्ये (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो. टायर २१५/६० आर १७. तिघं माणसं आणि सामान धरून वजन सुमारे १,६०० किलो.

मोजायला लागण्याआधी एक गोंधळ निस्तरायला हवा. ‘स्पोर्ट’ नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. काही गाड्यांत गिअरच्या दांड्यावरच डी-च्या खाली किंवा बाजूला एस असतो. तो फक्त गिअरबॉक्सचं वेळापत्रक बदलतो. दुसरी गोष्ट म्हणजे ड्राइव्ह मोडचं बटण किंवा गोल चकती. ती गिअरबॉक्सबरोबर ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद आणि स्टिअरिंगचा जडपणाही बदलते. आपल्या गाडीत दुसरा प्रकार आहे : इको, नॉर्मल, स्पोर्ट. शिवाय दांडा बाजूला सरकवला की प्लस-मायनसचा मॅन्युअल. म्हणून प्रत्येक चाचणी तीन प्रकारे घ्यायची : नॉर्मल, स्पोर्ट आणि मॅन्युअल. इको वगळला, कारण तो एसीसुद्धा मंद करतो आणि मग तुलना एकाच गोष्टीची उरत नाही.

स्टिअरिंग जड झालं म्हणजे टायरची पकड वाढली असं नाही. मोटरची मदत कमी केलेली असते, बाकी काही नाही. हे कागदावर लिहायचं आहे.

२२ सप्टेंबर : ओबीडी जोडणी आणि पेडलचा नकाशा

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (इथून गाडीच्या संगणकाची वाचनं मिळतात) ब्लूटूथ डोंगल, फोनवर नोंद घेणारं ॲप. चालू ठेवलेल्या वाचनांत आरपीएम, वेग, पेडलची टक्केवारी, ड्रायव्हरने मागितलेला टॉर्क, प्रत्यक्ष टॉर्क आणि कूलंटचं तापमान. एकाच वेळी ही सगळी वाचनं मागितली की स्वस्त डोंगल अडखळतं आणि सेकंदाला एकच ओळ येते. गिअर बदलण्याचा क्षण त्यात निसटतो. म्हणून वेळ मोजायच्या चाचण्यांत फक्त आरपीएम, वेग आणि पेडल घ्यायचं. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान सार्वत्रिक यादीत नसतं, ते कंपनीच्या खास कोडमधून काढावं लागतं. ते या डोंगलवर मिळालं नाही.

मोकळ्या सपाट रस्त्यावर, इंजिन ८५ अंशांवर आल्यावर घेतलेली वाचनं :

पेडल २५ टक्के दाबलं तर नॉर्मलमध्ये टॉर्कची मागणी २२ टक्के, स्पोर्टमध्ये ३५. पेडल ५० टक्के : नॉर्मल ४५, स्पोर्ट ६५. पेडल ७५ टक्के : ७४ आणि ८६. पेडल तळाला : दोन्हीकडे १००.

शेवटची जोडी सगळ्यात महत्त्वाची. स्पोर्टमध्ये इंजिनाची ताकद एका न्यूटन-मीटरनेही वाढत नाही. जे १०० टक्के मिळणार तेच मिळतं, फक्त पायाला ते लवकर सापडतं. पहिल्या अर्ध्या पेडलमध्ये जास्त माल भरलेला आहे, म्हणून ‘पिकअप वाढला’ असं वाटतं. ज्याला नॉर्मलमध्ये पेडल पूर्ण दाबायची सवय नाही, त्याला स्पोर्टमध्ये गाडी दुसरीच वाटणार.

२४ सप्टेंबर : गिअर कधी बदलतो

पेडल २५ टक्क्यांवर स्थिर ठेवून थांबलेल्या गाडीपासून सुरुवात. प्रत्येक मोडमध्ये चार फेऱ्या, दोन्ही दिशांनी.

नॉर्मल : दुसऱ्याचा तिसरा २७ च्या वेगाला, चौथा ४० ला, पाचवा ५१ ला, सहावा ६८ ते ७० ला. म्हणजे इंजिन १,९०० आरपीएमच्या वर जातच नाही.

स्पोर्ट : तिसरा ३९ ला, चौथा ५८ ला, पाचवा ७६ ला. सहावा शंभरच्या आत आलाच नाही.

एकाच वेगाला आरपीएम किती, हेही लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या चाचण्यांचा हिशोब यावर आहे. ताशी ४० ला : चौथ्यात सुमारे १,४००, तिसऱ्यात १,८५०, दुसऱ्यात २,७५०. ताशी ८० ला : सहाव्यात १,५५०, पाचव्यात २,०५०, चौथ्यात २,८५०.

पाय काढल्यावरचा फरक मात्र चढत्या गिअरपेक्षाही मोठा निघाला. नॉर्मलमध्ये पाय उचलला की गिअरबॉक्स वरच्या गिअरला जातो, गाडी मोकळी घरंगळते. स्पोर्टमध्ये तो आहे तो गिअर धरून ठेवतो आणि वेग उतरला तर खालचा घेतो. मोडचा खरा स्वभाव इथे दिसतो. पेडल दाबताना जे होतं त्याची जाहिरात होते, पण पेडल सोडल्यावर जे होतं त्याचा घाटात उपयोग होतो.

२७ सप्टेंबर : हिंजवडीची संध्याकाळ

वाकड पुलाच्या अलीकडून आत, साडेसहा किलोमीटर, सायंकाळी सव्वासहा. दोन दिवस, एक दिवस नॉर्मल, एक दिवस स्पोर्ट. वेळेत फरक नाही. कोंडीत वेग पुढची गाडी ठरवते.

स्पोर्टमध्ये काय बिघडतं ते असं. पेडलच्या पहिल्या भागात जास्त टॉर्क असल्याने तीन-चार मीटर पुढे सरकायलाही गाडी उसळी घेते आणि लगेच ब्रेक लागतो. दुसरा गिअर धरून ठेवलेला असल्याने पाय उचलला की गचका बसतो, मागे बसलेल्यांची मान हलते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय स्पोर्टमध्ये काम करत नाही. आणि एक धोक्याचं : नुसत्या इंजिन ब्रेकिंगने, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिनाच्याच ओढीने, गाडी मंदावते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला गाडी थांबतेय हे कळायला उशीर होतो.

टॉर्क कन्व्हर्टरला कोंडीत सरपटायला ॲक्सिलरेटर लागतच नाही. ब्रेकवरचा पाय हलका केला की गाडी रांगते. नॉर्मलमध्ये हे सगळ्यात गुळगुळीत होतं. शहरासाठी प्रश्न इथेच मिटला, पुढे यावर वेळ घालवायचा नाही.

२९ सप्टेंबर : ताम्हिणी, पाऊस

पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे आणि परत. सकाळी जोरदार सर, घाटात धुकं, कडेला वाहून आलेली लाल माती आणि कुजलेली पानं.

चढताना स्पोर्ट दोनदा नडला. ओल्या वळणातून बाहेर पडताना थोडं पेडल दाबलं तरी टॉर्कची मागणी एकदम वाढते, आतलं पुढचं चाक फिरतं आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा (घसरतं चाक आवरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतो. नॉर्मलमध्ये त्याच वळणांवर तेवढ्याच वेगाला दिवा एकदाही लागला नाही. पेडलचा प्रतिसाद मऊ असणं हा ओल्या रस्त्यावर गुण आहे.

विळ्याच्या बाजूला उतरतानाची अडचण वेगळी. इंजिन ब्रेकिंग तर हवंच आहे, पण स्पोर्टमध्ये खालचा गिअर कधी घ्यायचा हे गिअरबॉक्स ठरवतो. ऐन वळणात त्याने तिसऱ्याचा दुसरा घेतला तर पुढच्या चाकांवर अचानक ओढ येते. निसरड्यावर ते नको. म्हणून ओल्या उताराला मॅन्युअल : वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच ब्रेक लावून दुसरा किंवा तिसरा घ्यायचा, वळणात काही बदलायचं नाही. विळ्यापर्यंत याच रीतीने उतरलो, एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एकदाही जागा झाला नाही.

ओल्या रस्त्याचं उत्तर म्हणजे चढताना नॉर्मल, उतरताना मॅन्युअल.

५ ऑक्टोबर : द्रुतगती मार्ग, ओव्हरटेक

मुंबई-पुण्याचा यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग, सपाट भाग, कोरडा रस्ता, पहाटेची कमी वर्दळ. कारसाठी मर्यादा १०० आहे, म्हणून ८० ते १०० एवढंच मोजलं. प्रत्येकी सहा फेऱ्या, सरासरी :

नॉर्मल, पेडल तळाला : ४.९ सेकंद.
स्पोर्ट, पेडल तळाला : ४.४ सेकंद.
मॅन्युअल, चौथा आधीच घेऊन : ४.१ सेकंद.
नॉर्मल, पेडल अर्धं : ७.६ सेकंद.
स्पोर्ट, पेडल अर्धं : ५.३ सेकंद.

पहिल्या तीन आकड्यांतला फरक ताकदीचा नाही, वाट बघण्याचा आहे. नॉर्मलमध्ये गाडी सहाव्यात १,५५० वर फिरत असते. पेडल दाबल्यावर कन्व्हर्टरचं लॉक (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून ठेवणारं) सुटतं, सहाव्याचा चौथा होतो आणि टर्बोत हवा भरते, यात आठ-दशांश सेकंद जातात. स्पोर्टमध्ये गाडी आधीच पाचव्यात असते, टर्बो फिरता असतो. अर्धा सेकंद म्हणजे किती? ताशी ९० ला १२ मीटर, जवळजवळ तीन गाड्यांची लांबी. चार पदरी रस्त्यावर याला अर्थ नाही. दोन पदरी रस्त्यावर, समोरून एसटी येत असताना, ट्रक ओलांडायचा असेल तर या १२ मीटरला फार अर्थ आहे.

पण खरा धडा चौथ्या आकड्यात आहे. नॉर्मलमध्ये अर्धं पेडल दाबून ओव्हरटेक करणं ही सगळ्यात वाईट निवड. गिअरबॉक्सला वाटतं की माणूस सावकाश चाललाय, तो सहावा किंवा पाचवा धरून ठेवतो आणि गाडी समोरच्या पदरात लोंबकळत राहते. ओव्हरटेकचा निर्णय झाला की नॉर्मलमध्ये पेडल पूर्ण दाबायचं, तळाशी जाणवणाऱ्या खटक्याच्या पलीकडे, म्हणजे किकडाउन मिळतो, गिअरबॉक्स लगेच खालचा गिअर घेतो. अनेक जण इथे घाबरतात, इंजिनाचा आवाज ऐकून पाय मागे घेतात. मागे घेतला की गिअरबॉक्स वरचा गिअर घेतो आणि आधीची वाट बघणं वाया जातं.

स्पोर्ट लावायचा असेल तर ट्रकच्या मागे असतानाच, पदर बदलण्याच्या ३-४ सेकंद आधी. उजवीकडे निघाल्यावर बटण शोधण्यात डोळे रस्त्यावरून हटतात.

१३ ऑक्टोबर : पसरणी घाट, चढ

वाई ते पाचगणी. वाई समुद्रसपाटीपासून ७१८ मीटरवर, पाचगणी १,२९३ वर. अंतर सुमारे १२ किलोमीटर, म्हणजे सरासरी चढ ५ टक्क्यांच्या जरा आत.

आधी कागदावरचा हिशोब. १,६०० किलो वजन ५७५ मीटर वर न्यायला ९० लाख ज्यूल लागतात. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६० लाख ज्यूल असतात, त्यातले ३५ टक्के चाकांच्या कामी आले असं धरलं तर नुसत्या उंचीसाठी ०.७ लिटर जळणार. हे कुठल्याही मोडला चुकत नाही. सपाटीवर १२ किलोमीटरला जे लागलं असतं ते आणखी ०.७ लिटरच्या आसपास. म्हणजे चढाचा ॲव्हरेज साडेआठच्या आसपास येणार हे गाडी सुरू करण्याआधीच सांगता येतं. मोडच्या हातात असतो तो उरलेला थोडा भाग.

मीटरवरचा टप्प्याचा आकडा : नॉर्मल ८.४, स्पोर्ट ८.०, मॅन्युअल ८.३. वेळ सारखीच, कारण पुढे पर्यटकांच्या गाड्यांची रांग होती.

आकड्यांपेक्षा वागणूक बोलकी होती. नॉर्मलमध्ये प्रत्येक तीव्र वळणाआधी पाय उचलला की गिअरबॉक्स चौथा घेतो. वळणातून वेग २० वर आलेला असताना पेडल दाबलं की त्याला दोन गिअर खाली यावं लागतं, एक क्षण गाडी नुसती हंबरते आणि मग एकदम खेचते. मधल्या सरळ टप्प्यांवर तिसरा-चौथा-तिसरा अशी चाळवाचाळव. दर वेळी कन्व्हर्टरचं लॉक सुटतं, तेल घुसळलं जातं आणि ती उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाते. स्पोर्टमध्ये वळणात दुसरा, सरळ टप्प्यावर तिसरा, लॉक लागलेलं. आरपीएम जास्त दिसतात म्हणून लोकांना वाटतं की इंजिनावर ताण येतोय. १,४०० वर चौथ्यात जोर लावण्यापेक्षा १,९०० वर तिसऱ्यात चढणं इंजिनालाही सोपं आणि गिअरबॉक्सलाही थंड.

साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला हा घाट आणखी जड जातो. १,३०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते आणि जवळपास तेवढीच ताकद घटते. टर्बो ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो.

वर पोहोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नये. मिनिटभर आयडलवर ठेवावं, टर्बोतल्या बेअरिंगमधून तेल फिरत राहतं.

१४ ऑक्टोबर : पसरणी घाट, उतार

या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

ताशी ४० ने उतरताना गुरुत्वाकर्षण गाडीला सुमारे ८.४ किलोवॅट देतं. टायरचं घर्षण आणि हवा मिळून पावणेतीनच्या आसपास खातात. उरले साडेपाच किलोवॅट. घरातले २ किलोवॅटचे जवळजवळ तीन गीझर १८ मिनिटं चालू ठेवल्यासारखं. ही उष्णता एकतर इंजिनाने गिळायची, नाहीतर ब्रेकच्या चकत्यांनी. तिसरी जागा नाही.

असं १.५ लिटरचं डिझेल इंजिन नुसतं फिरवत ठेवायला १,४०० आरपीएमला साधारण २ किलोवॅट लागतात, १,८५० ला सव्वातीन, २,७५० ला साडेपाच-सहा. म्हणजे ४० च्या वेगाला दुसरा गिअर घेतला तर ब्रेकला सरळ टप्प्यावर जवळजवळ काही कामच उरत नाही.

मोजमाप : घाट संपल्यावर वाईच्या अलीकडे थांबून पुढच्या चकतीचं तापमान इन्फ्रारेड गनने. चकतीच्या चकचकीत भागावर गनने नेम धरला तर ती आकडा बराच कमी दाखवते. म्हणून कडेच्या गंजलेल्या पट्टीवर मोजायचं. पहिल्या फेरीत हे लक्षात आलं नव्हतं, ती फेरी रद्द. दोन फेऱ्यांमध्ये ४० मिनिटं गार होऊ दिलं.

नॉर्मल : १६० अंश, ब्रेक ५८ वेळा.
स्पोर्ट : १२० अंश, ब्रेक ३५ वेळा.
मॅन्युअल, दुसरा-तिसरा : ८० अंश, ब्रेक २१ वेळा.

१६० अंशाला काही बिघडत नाही, पॅड त्याहून बरंच सहन करतात. पण हा १२ किलोमीटरचा, दुपारी रांगेत उतरलेला घाट होता. पाच माणसं, टपावर सामान, वेग ६० आणि जुनं ब्रेक ऑइल, असं एकत्र आलं की चित्र बदलतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं कोरडं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजसारखं आत जातं. दुसरी खूण : पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही. ते पॅड तापल्याचं लक्षण. दोन्हींवर उपाय एकच, खालचा गिअर घेऊन सुरक्षित जागी थांबायचं आणि अर्धा तास गार होऊ द्यायचं. चकत्यांवर पाणी ओतायचं नाही, त्या वाकड्या होतात.

‘उतारावर आरपीएम वाढले म्हणजे डिझेल जास्त जातं’ हा समज आज वाचनांनी खोडला. पाय पूर्ण उचलला आणि आरपीएम १,२०० च्या वर असले की इंजेक्टर बंद असतात. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, जळणारं डिझेल शून्य. मीटरवर क्षणिक ॲव्हरेज ९९.९ वर अडकलेला दिसतो. उलट न्यूट्रल केलं तर आयडल टिकवायला इंजिन डिझेल घेतं, आणि गाडी धरून ठेवणारं काहीच उरत नाही. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणारे डिझेल जाळतात आणि ब्रेकही. ऑटोमॅटिकमध्ये उतारावर एन-ला हात लावायचा नाही. कागदावर हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.

१९ ऑक्टोबर : फुकट गेलेली फेरी

पुणे-सातारा-पुणे, २२० किलोमीटर, नॉर्मलमध्ये. टाकी ते टाकी ॲव्हरेज १६.९ आला, जो या वेगाला इतका कमी येणं अशक्य. ओबीडीची नोंद तपासल्यावर कळलं : परतीत शिरवळच्या पुढे डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचं) रिजनरेशन, म्हणजे सफाई, सुरू झालं होतं. खुणा त्याच वेळी समोर होत्या, आयडल ८०० ऐवजी १,००० वर, क्षणिक ॲव्हरेज अचानक खाली, थांबल्यावर रेडिएटरचा पंखा जोरात आणि तापलेल्या लोखंडाचा वास. गाळणीतली काजळी जाळायला जास्तीचं डिझेल फवारलं जातं, ते मोडच्या खात्यावर लिहिणं चूक. फेरी रद्द.

यातून एक उपयोगी गोष्ट मिळाली. जी डिझेल गाडी फक्त शहरात पाच-सात किलोमीटर चालते तिचं रिजनरेशन अर्धवट राहतं. न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा हायवेवर २०-२५ मिनिटं, ६० च्या वर, २,००० आरपीएमच्या आसपास चालवावं. नॉर्मलमध्ये गिअरबॉक्स १,५०० वरच रेंगाळतो, तेव्हा स्पोर्ट कामाला येतो. वेग न वाढवता आरपीएम वाढतात.

२६ आणि २७ ऑक्टोबर : डिझेलचा हिशोब, पुन्हा

रीत : एकच पंप, एकच नोझल, पहिल्या खटक्याला थांबायचं, वरून कोंबायचं नाही. टायरमध्ये थंड असताना ३३ पीएसआय. एसी २४ वर. खंबाटकीचा घाट जाताना, बोगदा येताना. वेग ८० ते ९०, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरणारी सोय) नाही.

नॉर्मल : २२० किलोमीटरला ११.० लिटर, म्हणजे २०.
स्पोर्ट : ११.९ लिटर, म्हणजे १८.५.

टाकी भरताना ०.३ ते ०.४ लिटरचा फरक केवळ नोझलच्या खटक्याने पडू शकतो, म्हणजे ३ टक्के धूसरपणा. ८ टक्क्यांचा फरक त्याच्या बाहेर आहे, म्हणून तो खरा मानतो. ‘स्पोर्टमध्ये ॲव्हरेज निम्म्यावर येतो’ हे मात्र कुठेच दिसलं नाही. हवेचा रोध दोन्हीकडे तोच. वाढतं ते फक्त इंजिनाचं आतलं घर्षण, २,०५० आरपीएमचं, १,५५० च्या जागी. ॲव्हरेज निम्म्यावर येतो तो स्पोर्ट लावल्यावर चालवणाऱ्याचा पाय बदलतो म्हणून.

काजळी जाळायची ती फेरी सोडली तर सपाट हायवेला स्पोर्ट लावून ठेवण्याचं एकही कारण सापडलं नाही.

९ नोव्हेंबर : बाकीच्या गिअरबॉक्सचं काय

आपले आकडे टॉर्क कन्व्हर्टरचे आहेत. कागद दुसऱ्या गाडीत जसाच्या तसा चालणार नाही.

सीव्हीटी : ठरलेले गिअर नसतात. डी-मध्ये पाय काढला की आरपीएम तळाला जातात आणि उतारावर गाडी मोकळी सुटते. तिथे स्पोर्टपेक्षा एल किंवा बी हा दांड्यावरचा पर्याय जास्त कामाचा.

ड्युअल क्लच, कोरडा (दोन क्लचचा ऑटोमॅटिक, क्लच तेलात बुडालेले नसतात) : चढावरच्या कोंडीत ब्रेक न लावता पेडलवर गाडी तोलून धरली की क्लच घासतो आणि तापतो. कुठलाही मोड यातून वाचवत नाही. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग पूर्ण सुटायचं. उतारावर स्पोर्ट या गिअरबॉक्सला छान जमतो.

एएमटी : मूळचा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच यंत्र दाबतं. स्पोर्टमध्ये गिअर उशिरा बदलतो आणि बदलतानाचा झोका जास्त जाणवतो. ओव्हरटेकला मॅन्युअलमध्ये आधी गिअर घेणं जास्त भरवशाचं. चढावर थांबताना हँडब्रेक.

१६ नोव्हेंबर : गाडीत ठेवायचा कागद

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला. मजकूर :

उतारावर एन नाही. कधीच नाही.

शहर, कोंडी, पार्किंग, पाऊस, सपाट हायवे : नॉर्मल.

कोरडा घाट चढताना : स्पोर्ट. पुढे ट्रकची रांग असेल तर मॅन्युअल दुसरा-तिसरा.

घाट उतरताना, पावसातही : मॅन्युअल. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं. गिअर वळणाआधी घ्यायचा. मागे कोणी चिकटून असेल तर ब्रेक हलका टेकवून लाल दिवा दाखवायचा. मॅन्युअलची सवय नसेल तर कोरड्या रस्त्यावर किमान स्पोर्ट.

दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेक : ट्रकमागे असतानाच स्पोर्ट, झाल्यावर नॉर्मल. स्पोर्ट विसरला तर पेडल तळापर्यंत, अर्धवट नाही.

इंजिन थंड असताना, पहिली पाच-सात मिनिटं : नॉर्मल, हलका पाय.

इंजिन बंद करून चालू केलं की गाडी नॉर्मलवर येते. घाटात चहाला थांबलात तर निघताना बटण पुन्हा दाबा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. पुढची तारीख : मार्च २०२५.

२३ नोव्हेंबर : एक दुरुस्ती

स्पोर्टमध्ये क्रूझ कंट्रोल लावून कात्रज बोगद्याकडचा चढ घेतला. वेग टिकवायला गिअरबॉक्सने ८० ला थेट चौथा घेतला आणि चढ संपल्यावरही बराच वेळ सोडला नाही. २,८५० वर विनाकारण आवाज आणि डिझेल. कागदावर हाताने ओळ वाढवली : क्रूझ लावताना आधी नॉर्मल. घाटात क्रूझ बंद.